जे की झेड?

महाराष्ट्रातल्या मुस्लिम तरुणाला आयुष्यात सर्वात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न कोणता? तुम्ही म्हणाल, "तुमचं मराठी इतकं चांगलं कसं?" नाही. तो दुसऱ्या नंबरवर आहे. पहिला नंबर "जे की झेड?" या प्रश्नाचा.

सिम कार्ड घ्या, बँकेत खातं उघडा, पोराला शाळेत घाला, काउंटरमागचा माणूस मान वर न करता विचारतो. फिरोज, शेवटी जे की झेड? अजीज, दोन्ही जे, दोन्ही झेड, की एकेक? शेख, ए-आय की ई-आय? काझी, के की क्यू? सय्यदांची तर तोंडी परीक्षाच असते. वाय एक की दोन, शेवटी ए-डी की ई-डी. आणि आपण उत्तर देतो तेही मोठं मजेशीर असतं: "कुठल्या कागदावरचं सांगू?"

हा घोळ झाला कसा, ते आधी बघू. यात कुणाचा कट वगैरे नाही. मराठीत 'ज' हे अक्षर एक आणि त्याचे उच्चार दोन. 'जीव' मधला वेगळा, 'जरा जास्त' मधला वेगळा. ते आपल्याला आपोआप कळतं, त्यासाठी अक्षराखाली टिंब द्यावं लागत नाही. उर्दू नावं देवनागरीत लिहिताना हिंदीवाले नुक्ता देतात, मराठी शाळेत नुक्ता कुणी शिकवत नाही. म्हणून गुरुजींनी कानाला ऐकू आलं तसं 'फिरोज' लिहिलं. बरोबरच लिहिलं. पुढे कुणा क्लार्कने त्याचं इंग्रजी केलं आणि सरळ जे टाकला. दहावीच्या फॉर्मवर जे आला. पासपोर्टच्या एजंटने "हे चुकीचं दिसतं" म्हणून झेड केला. पॅन कार्डावर 'आय' चा 'ई' झाला. एका माणसाची तीन स्पेलिंगं तयार झाली, आणि प्रत्येक वेळी लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच होता.

त्याच गुरुजींनी आपल्या वडिलांच्या पिढीला जन्मतारीखही दिली. १ जून. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, पोरगं सहा वर्षांचं दिसायचं, घरात तारीख कुणाला आठवत नसायची, मग १ जून. आमच्या अब्बांचा, दोन चाचांचा आणि गल्लीतल्या निम्म्या माणसांचा वाढदिवस एकाच दिवशी येतो. केक कुणीच कापत नाही, कारण खरा वाढदिवस कुणाचाच नाही.

बायकांचं आणखी वेगळं. दादीचं नाव रेशन कार्डावर 'बी' लावून आहे, मतदार यादीत 'बेगम' लावून, आणि बँकेच्या पासबुकात दोन्ही नाही. मराठवाड्यात 'शेख' आडनाव असूनही पुढे येतं आणि वडिलांच्या नावाआधी पुन्हा येतं. अशा माणसाने 'नाव, वडिलांचे नाव, आडनाव' हे तीन रकाने भरायला घेतले की पहिल्या रकान्यात 'शेख' जाणार आणि तिसऱ्यातही 'शेख' जाणार. मग ऑफिसचं सिस्टीम सकाळी मेल पाठवणार, "डिअर शेख". मोहम्मदचं संक्षिप्त रूप एम-डी असं कागदावर असेल तर मेल येतो, "डिअर एमडी". पहिल्याच दिवशी मॅनेजिंग डायरेक्टर! एका टीममध्ये तीन 'डिअर मोहम्मद' असले की मीटिंगचं आमंत्रण कुणाला आलं हे शोधण्यात मीटिंग संपते.

हसू येतं, पण नावाचा हा तीन रकान्यांचा साचाच मुळात तोकडा आहे. माजी राष्ट्रपती कलाम यांचं पूर्ण नाव अवुल पकीर जैनुलाब्दीन अब्दुल कलाम. यात पणजोबा, आजोबा आणि वडील हे तिघेही आहेत, आणि आडनाव ज्याला म्हणतात ते नाहीच. क्षेपणास्त्र बनवणारा माणूस आपल्या फॉर्ममध्ये बसला नसता. २०१० साली पॅट्रिक मॅकेन्झी नावाच्या प्रोग्रामरने एक यादी लिहिली होती. माणसांच्या नावांबद्दल प्रोग्रामर लोक जे जे गृहीत धरतात आणि जे जे चुकीचं असतं, त्याची यादी. आमच्या धंद्यात ती बऱ्याच जणांनी वाचलेली आहे. वाचून हसतात आणि पुन्हा आडनावाच्या रकान्याला लाल चांदणी लावतात. भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट सांगतो. कंप्युटरला दोन नावं एकच आहेत का हे विचारलं, तर सर्वात सोपी पद्धत म्हणजे अक्षराला अक्षर लावून बघणं. एक अक्षर चुकलं की उत्तर 'नाही'. ही पद्धत लिहायला एक ओळ पुरते. म्हणून आळशी सिस्टीम हेच करतं. पण कंप्युटरला याहून जास्त येत नाही, असं अजिबात नाही.

अमेरिकेत १९१८ साली रॉबर्ट रसेल नावाच्या गृहस्थाने एका पद्धतीचं पेटंट घेतलं. तिला पुढे साउंडेक्स हे नाव पडलं. नावाचं पहिलं अक्षर ठेवायचं, स्वर गाळायचे आणि उरलेल्या व्यंजनांना उच्चाराच्या गटाप्रमाणे आकडे द्यायचे. सारखे ऐकू येणारे उच्चार एका गटात. या पद्धतीने शेखची ए-आय आणि ई-आय ही दोन्ही स्पेलिंगं टाका, उत्तर एकच येतं: एस-२००. आणि फिरोज? जे घाला, झेड घाला, 'आय' चा 'ई' करा, उत्तर एकच: एफ-६२०. कारण त्या पद्धतीत जे आणि झेड एकाच गटात आहेत! आपल्याला काउंटरवर रोज विचारला जाणारा प्रश्न शंभराहून जास्त वर्षांपूर्वी सुटलेला आहे. तोही कंप्युटर नसताना, कार्डांच्या खोक्यावर. आज बाजारातल्या जवळपास प्रत्येक मोठ्या डेटाबेसमध्ये हे फंक्शन तयार मिळतं.

साउंडेक्स काही परिपूर्ण नाही. ती इंग्रजी नावांसाठी बनली. पहिलं अक्षर ती बदलत नाही, म्हणून के वाला काझी आणि क्यू वाला काझी तिला दोन वेगळी माणसं वाटतात. मोहम्मद पूर्ण लिहिलं तर एम-५३०, एम-ओ-एच-डी लिहिलं तर एम-३००. पण त्यानंतरही पुष्कळ पद्धती आल्या. १९६५ साली लेवेनश्टाइन या रशियन गणितज्ञाने दोन शब्दांमधलं अंतर मोजायची रीत दिली. एका शब्दाचा दुसरा करायला किती अक्षरं बदलावी, घालावी किंवा काढावी लागतील, ते मोजायचं. शेख ते शेख, अंतर एक. तुमच्या मोबाईलचा कीबोर्ड चुकलेला शब्द सुधारतो, तो अशाच हिशोबांच्या आधाराने.

आणि इथे मला सगळ्यात मोठी गंमत वाटते. गाण्याच्या ॲपमध्ये मोहम्मद रफींचं नाव लिहून बघा. मोहम्मदमध्ये ओ घाला, यू घाला, एक एम खा, नुसतं 'रफी' लिहा, शेवटी वाय लावा. गाणं लागतंच. जेवण मागवायच्या ॲपवर बिर्याणीचं स्पेलिंग कितीही चुकवा, बिर्याणी घरी येते. खरेदीच्या साइटवर शेरवानी कशीही लिहा, शेरवानी दिसते आणि पुढचा महिनाभर दिसतच राहते. म्हणजे आपल्याला काही विकायचं असेल तेव्हा मशीन अत्यंत समजूतदार असतं. आपले उच्चार, आपली घाई, आपलं कच्चं इंग्रजी, सगळं समजून घेतं. तेच आपण पेन्शन मागायला, स्कॉलरशिप मागायला, मतदार यादीत नाव बघायला गेलो की मशीन एकदम अडाणी होतं. "नाव जुळत नाही." त्याला जे आणि झेड कळेनासे होतात.

ही मशीनची अडचण नाही, हे सांगण्यासाठी मी हा लेख लिहितोय. दोन नावं किती जुळली तर एकच समजायची, हा आकडा कुणीतरी बसून ठरवतं. आम्ही त्याला थ्रेशोल्ड म्हणतो. मराठीत साधा शब्द आहे, उंबरठा. दुकानाचा उंबरठा जमिनीला टेकलेला असतो, कारण गिऱ्हाईक आत यायला हवं असतं. कचेरीचा उंबरठा कमरेइतका उंच ठेवला तर ते गवंड्याचं काम नव्हे, मालकाचा हुकूम आहे.

राजकारण इथूनच सुरू होतं. आसाममध्ये एनआरसीसाठी १९५१ ची नोंदवही आणि १९७१ पर्यंतच्या मतदार याद्या कंप्युटरवर चढवल्या. लोकांनी आपला वंशवृक्ष लिहून दिला आणि तो जुन्या नोंदींशी जुळवला गेला. ३१ ऑगस्ट २०१९ ला अंतिम यादी आली तेव्हा १९,०६,६५७ लोक बाहेर होते. त्यात मुसलमान होते, बंगाली हिंदूही मोठ्या संख्येने होते. माजी राष्ट्रपती फखरुद्दीन अली अहमद यांच्या पुतण्याच्या घरातली नावं यादीत नव्हती. राष्ट्रपती भवनात राहून आलेल्या कुटुंबाला कागद पुरले नाहीत, मग चहाच्या टपरीवाल्याचं काय?

२०२५ मध्ये बिहारमध्ये मतदार याद्यांची विशेष सखोल फेरतपासणी झाली. १ ऑगस्टच्या मसुदा यादीत सुमारे ६५ लाख नावं नव्हती. मयत, स्थलांतरित, दुबार अशी कारणं दिली गेली. पण कुणाचं नाव नेमकं कशाने गेलं, ही यादी कारणांसकट जाहीर व्हायला सर्वोच्च न्यायालयाचा आदेश लागला. पुढे बंगालमध्ये हीच मोहीम गेली तेव्हा सॉफ्टवेअरने 'तार्किक विसंगती' नावाचा प्रकार शोधून काढला. वडिलांचं नाव जुन्या यादीशी जुळत नाही, आई आणि मुलाच्या वयात पुरेसं अंतर नाही, अशा गोष्टी. जानेवारी २०२६ मध्ये अशी नोटीस अमर्त्य सेन यांनाही गेली. कारण त्यांच्या आणि त्यांच्या आईच्या नोंदीतल्या वयाचं अंतर मशीनला पटलं नाही. नोबेल विजेत्याच्या आईच्या वयावर शंका घेणारं सॉफ्टवेअर १ जूनला जन्मलेल्या आमच्या चाचांचं काय करील, याचा विचार करा. सेन यांच्या नावे निदान बातमी तरी होते. चाचांना एका दिवसाची मजुरी बुडवून, रांगेत उभं राहून, जे आणि झेड हे एकच अक्षर असल्याचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं.

अमेरिकेतल्या त्या साउंडेक्सचं पुढे काय झालं, तेही ऐकण्यासारखं आहे. १९३५ साली तिथे वृद्धांच्या पेन्शनचा कायदा झाला. पण म्हाताऱ्या लोकांकडे जन्माचा दाखला नव्हता, त्यांच्या लहानपणी जन्मनोंदणी सगळीकडे होतच नव्हती. मग सरकारनेच पगारी माणसं बसवली आणि जुन्या जनगणनेतल्या नावांची साउंडेक्सप्रमाणे कार्डं बनवून घेतली. १८८० च्या जनगणनेतून तर दहा वर्षं आणि त्याखालची मुलं असलेली घरंच निवडली, कारण पेन्शनच्या वयाला येणारे तेच होते. म्हणजे स्पेलिंग चुकलेला माणूस सापडावा आणि त्याला त्याचं पेन्शन मिळावं, म्हणून सरकार त्याला शोधत होतं. नावं जुळवण्याचं तंत्र हे असं होतं. माणूस शोधायला वापरलं तर तो सापडतो. त्याला गाळायला वापरलं तर तेच तंत्र त्याला गाळतं.

आपल्याकडेही मनावर घेतलं तर जमतं. मराठवाड्यात कुणबी नोंदी शोधायला २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली. निजामाच्या काळातली दफ्तरं उघडली. ती उर्दूत आणि मोडीत होती, म्हणून उर्दू आणि मोडी वाचणारे शोधून आणले. मराठ्यांच्या नोंदी सापडाव्यात म्हणून उर्दू वाचणारा चष्मा लावून बसला, हे चित्र मला फार आवडतं. शंभर वर्षांपूर्वीचं घसटलेलं अक्षर सरकार लावून घेऊ शकतं, तर शेखचं ए-आय आणि ई-आयही लावू शकतं. इच्छा असली की झालं.

सिनेमा या बाबतीत कागदांच्या पुढे गेला, हे मान्य करायला हवं. युसूफ खानला १९४४ च्या 'ज्वार भाटा' मध्ये दिलीप कुमार व्हावं लागलं. नंतरच्या खानांना नाव बदलावं लागलं नाही. आपल्या 'सैराट' मध्ये सल्या आहे. तो परश्याचा मित्र आहे, करमाळ्याकडची मराठी बोलतो, आणि "बेटा, अल्लाह पर भरोसा रखो" छापाचं एकही वाक्य त्याला दिलेलं नाही. २०१६ मध्ये अख्ख्या महाराष्ट्राला तो आपल्याच गल्लीतला वाटला. पडद्यावरच्या सलीमला कुणी जुना कागद मागत नाही. प्रेक्षकातल्या सलीमला मागतात.

ऑफिसातला एक मित्र माझं हे सगळं ऐकून म्हणाला, "अरे, पण सैल सोडलं तर फसवणूक होईल. दुसऱ्याच शेखचे पैसे तुझ्या खात्यात येतील." त्याचं बरोबर आहे. आपल्यात नावं तीच तीच, आणि जन्मतारीखही १ जून. नुसत्या उच्चारावर जुळवलं तर एका तालुक्यात डझनभर माणसं एकच ठरतील. म्हणून मी मशीनला डोळे मिटून 'हो' म्हणायला सांगत नाही. मशीनला दोन नावांत फरक दिसला की त्याने 'नाही' म्हणण्याऐवजी 'माणसाला दाखवा' म्हणावं. त्या माणसाने वडिलांचं नाव, पत्ता, घरातले बाकीचे लोक बघावेत. नोटीस त्यानंतर जावी, आणि तिच्यात नेमकं कुठलं अक्षर कुठल्या कागदाशी जुळत नाही हे मराठीत लिहिलेलं असावं. आणि सरकारी क्लार्कने केलेली चूक दुरुस्त करायचा खर्च, म्हणजे प्रतिज्ञापत्र, झेरॉक्स, बुडालेली मजुरी, हा त्या चुकीत जन्मलेल्या माणसावर पडू नये. यात सवलत कसली? कोणत्याही गॅरेजवालाही स्वतः बिघडवलेला पार्ट स्वतःच्या खर्चाने बदलून देतो.

ही मागणी फक्त मुसलमानांची नाही. लग्नानंतर नाव बदललेल्या प्रत्येक बाईची आहे, गुरुजींनी परस्पर नाव ठेवलेल्या आदिवासी मुलाची आहे, ऊसतोडीला जाऊन सहा महिन्यांनी परत येणाऱ्याची आहे. पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. ज्याच्याकडे कुठलाच कागद नाही त्याला ओळख मिळावी, असं तेव्हा सांगितलं होतं. तेच वाक्य सरकारला रोज ऐकवत राहायला हवं.

पण मागणी मान्य होईपर्यंत काय करायचं? या मासिकाच्या वाचकांत माझ्यासारखे हिंजवडी-खराडीला बसने जाणारे बरेच असतील. आपल्याकडे दोन कामं आहेत. पहिलं ऑफिसात. नावाचा रकाना बनवताना कमीत कमी अक्षरांची अट, आडनावाची सक्ती, अक्षराला अक्षर जुळवणं, हे डिझाइनच्या मीटिंगमध्ये तिथल्या तिथे अडवा. "आपले युजर असे नसतात" असं कुणी म्हणालं तर आपल्या वडिलांचे पाच कागद दाखवा.

दुसरं काम घरात. प्रत्येक घरात एक पिशवी असते, लोखंडी कपाटात, बहुतेक साड्यांच्या खाली. ती काढा. प्रत्येकाच्या प्रत्येक कागदावरचं नाव एका वहीत ओळीने लिहा, मराठी आणि इंग्रजी दोन्ही. मग घरात बसून एक स्पेलिंग ठरवा. शक्यतो सर्वात जुन्या कागदावरचं, सर्वात सुंदर दिसणारं नव्हे. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, म्हणून तिथे घाई नको. गरज पडली तर राजपत्रात नावबदलाची नोंद करा, ती ऑनलाइन भरता येते. नव्या बाळाचं असेल तर १ मे २०२४ नंतर जन्मलेल्यांसाठी महाराष्ट्रात नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव हा क्रम आहे. म्हणजे आता आईच्या नावाचंही स्पेलिंग जपावं लागणार. आपलं झालं की शेजारच्या खालांची पिशवी घ्या. त्यांचा मुलगा आखातात असेल, त्यांना ॲप उघडता येत नसेल. मोहल्ल्यात एक लॅपटॉप, एक प्रिंटर आणि रविवारच्या दोन दुपारी एवढ्यात वीस घरांचं काम होतं.

शरम मात्र कुणी वाटून घेऊ नका. कागदावर जे आहे म्हणून आपलं नाव चुकीचं ठरत नाही. आईने हाक मारली तेव्हा तिला स्पेलिंग माहीत नव्हतं, आणि तरी आपण ओ दिली होती.